क्रिप्टोग्राफीत संशोधन करायचंय? वऱ्हाड-झाडीपट्टीतल्या पोट्ट्यांसाठी दहावीपासूनची वाट

सायबर सिक्युरिटी शिकतो असं गावात सांगितलं की पहिला प्रश्न येतो, ‘काऊन गा, मग पोलिसात लागते काय?’ दुसरा माणूस हळूच कुणाचातरी फेसबुक पासवर्ड काढून मागतो. आणि क्रिप्टोग्राफी म्हटलं की तिसऱ्याला बिटकॉइन आठवतं. या लेखाचा तिघांशीही संबंध नाही. आयआयटी, आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) किंवा परदेशातल्या एखाद्या प्रयोगशाळेत बसून माहितीची गणिती कुलुपं कशी बनतात आणि कशी तुटतात, म्हणजेच क्रिप्टोग्राफी, यावर आयुष्यभर काम करायचं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यासाठी तो लिहिला आहे. मग ते दर्यापूरचे असोत, आर्वीचे, पुसदचे की चिमूरचे. दहावीपासून धरलं तर पीएचडी हाती येईपर्यंत साधारण तेरा वर्षं जातात. दोन वर्षं अकरावी-बारावीची, चार पदवीची, दोन एमटेकची आणि पाच पीएचडीची. पदवीनंतर थेट पीएचडी मिळाली तर यातली दोन वाचतात. हा हिशेब घरी आधीच सांगून ठेवा, नाहीतर सहाव्या वर्षापासून ‘अजून किती शिकतं हे पोट्टं’ सुरू होतं.

काम नेमकं काय असतं

उदाहरण घरातलंच घेऊ. महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपये भरले की डिजिटल सहीचा सातबारा निघतो. त्या पीडीएफवर सही असते म्हणजे काय असतं? उताऱ्यातल्या मजकुराचा एक ठरावीक लांबीचा ठसा काढला जातो, त्याला हॅश म्हणतात. तो हॅश आणि सही करणाऱ्याची गुप्त किल्ली यांच्यावर गणित करून सही तयार होते. ती तपासायला लागते ती जाहीर किल्ली, आणि ती कुणाकडेही असली तरी चालते. आता कोणी त्या फाइलमध्ये ०.८१ हेक्टरचं १.८१ केलं, तर हॅश पूर्ण बदलतो आणि पडताळणी फसते. हीच फाइल झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतली की कागदावर सहीचं गणित उरत नाही, म्हणून उताऱ्यावर पडताळणी क्रमांक छापलेला असतो.

या एका कागदावर संशोधकाला किमान चार प्रश्न दिसतात. गुप्त किल्ली नसताना खोटी सही करणं खरंच अशक्य आहे, हे सिद्ध कसं करायचं? हा सैद्धांतिक क्रिप्टोग्राफीचा प्रश्न. जमिनीची नोंद पन्नास वर्षांनीही टिकली पाहिजे, पण तोवर मोठा क्वांटम संगणक आला तर आजची सही टिकेल का? १९९४ मध्ये पीटर शोर यांनी दाखवलं की तसा संगणक असेल तर आज सह्यांसाठी चालणाऱ्या आरएसएसारख्या पद्धती कोसळतात. त्यावर उत्तर म्हणून अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेनं ऑगस्ट २०२४ मध्ये क्वांटम-पश्चात काळासाठी पहिली तीन मानकं जाहीर केली. त्यांतलं एक किल्लीच्या देवाणघेवाणीचं आहे आणि दोन सह्यांची. तिसरा प्रश्न, गुप्त किल्ली ज्या चिपमध्ये आहे ती चिप किती वीज खाते किंवा किती वेळ घेते यावरून किल्ली फुटते का? याला साइड-चॅनल म्हणतात, आणि पॉल कोकर यांनी १९९६ मध्ये नुसत्या वेळेच्या मोजमापावरून असा हल्ला मांडल्यापासून ही मोठी शाखा झाली आहे. चौथा, ही सगळी व्यवस्था प्रत्यक्ष वापरात कुठे गळते? म्हणजे ॲप, सर्व्हर, तहसीलमधला संगणक आणि पासवर्ड चिटकवलेला मॉनिटर.

पहिल्याला शुद्ध गणिताची आवड लागते. तिसऱ्याला इलेक्ट्रॉनिक्स आणि ऑसिलोस्कोपसमोर दिवसचे दिवस बसण्याचा संयम, तर चौथ्याला प्रोग्रॅमिंग आणि चिकाटी. अप्लाइड क्रिप्टोग्राफी या सगळ्यांच्या मधोमध येते. यातलं काय आवडतं हे बारावीत ठरवायची गरज नाही, पण चारही दारं माहीत असावीत.

दहावी ते बारावी

एथिकल हॅकिंगच्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे भरू नका. तालुक्याच्या गावी आता फ्लेक्स लागलेले दिसतात, ‘तीन महिन्यांत सायबर तज्ज्ञ’ म्हणून. त्यात चार टूल चालवायला शिकवतात, आणि ती टूल दोन वर्षांत जुनी होतात. त्या पैशात गणिताची पुस्तकं घ्या.

गणित का, ते पाचवी-सहावीत शिकलेल्या मसाविवरूनच दाखवतो. आरएसए पद्धतीत दोन मोठ्या मूळ संख्या गुप्त ठेवायच्या आणि त्यांचा गुणाकार जाहीर करायचा. गुणाकारावरून मूळ संख्या शोधणं फार अवघड, यावर सगळी सुरक्षा उभी आहे. आता समजा दोन वेगळ्या यंत्रांच्या जाहीर संख्या ११४१३ आणि १२८२७ आहेत. त्यांचा मसावि युक्लिडच्या रीतीनं काढू. १२८२७ ला ११४१३ ने भागलं तर बाकी १४१४. ११४१३ ला १४१४ ने भागलं तर बाकी १०१. १४१४ ला १०१ ने भागलं तर बाकी शून्य. मसावि १०१ आला. म्हणजे दोन्ही यंत्रांनी एक मूळ संख्या सारखीच उचलली होती. आता ११४१३ भागिले १०१ बरोबर ११३, आणि १२८२७ भागिले १०१ बरोबर १२७. पाच भागाकारांत दोन्ही कुलुपं उघडली.

हा खेळ पोरखेळ वाटतो, पण २०१२ मध्ये नादिया हेनिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरनेटवरच्या लाखो जाहीर किल्ल्या गोळा करून नेमकं हेच केलं. त्या संख्या तीनशेहून जास्त अंकी होत्या. एकेक संख्या फोडायला गेलात तर हात टेकावे लागतात, पण दोघींचा मसावि काढायला संगणकाला क्षणही लागत नाही. टीएलएस (इंटरनेटवरचं बोलणं सुरक्षित ठेवणारी पद्धत) वापरणाऱ्या यंत्रांपैकी ०.५० टक्के यंत्रांच्या गुप्त किल्ल्या त्यांच्या हाती आल्या. बहुतेक यंत्रं राउटरसारखी छोटी उपकरणं होती. सुरू होताक्षणी त्यांच्याकडे पुरेशी यादृच्छिकता, म्हणजे अंदाज बांधता न येणारे आकडे, जमा झालेली नसते, त्यामुळे वेगवेगळी उपकरणं एकच मूळ संख्या निवडून बसली. गणित शाळेतलं, माहिती सगळ्यांसमोर पडलेली, आणि तरी तोपर्यंत इतक्या मोठ्या प्रमाणावर ते कुणी करून पाहिलं नव्हतं. संशोधन म्हणतात ते बऱ्याचदा असंच असतं.

तेव्हा या दोन वर्षांत विभाज्यता, मूळ संख्या, भागाकारात उरणाऱ्या बाकीचं गणित, क्रमचय-संचय आणि संभाव्यता पक्कं करा. गणित ऑलिंपियाडची पहिली पायरी आयओक्यूएम ही परीक्षा आहे. पास झालात की नाही हे महत्त्वाचं नाही, जुने पेपर सोडवण्याचा फायदा आयुष्यभर होतो. बारावीनंतर आयएसआयच्या बीस्टॅट-बीमॅथच्या आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्रवेश परीक्षा असतात. आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजांत त्यांचं नावही निघत नाही, सगळं गाडं जेईई, सीईटी आणि नीटवर अडलेलं असतं. त्यांचे जुने पेपर इंटरनेटवर मिळतात. हे पेपर आवडले तर तुम्ही या क्षेत्रातले आहात असं समजायला हरकत नाही.

मराठी माध्यमाच्या पोरांनी गणित मराठीतूनच समजून घ्यावं, काही बिघडत नाही. फक्त अकरावीपासून रोज एक पान इंग्रजी गणित वाचायची सवय लावून घ्यावी. बोलण्याचं इंग्रजी नंतर येतं. लिहिण्याचं इंग्रजी मात्र आलंच पाहिजे, कारण संशोधनाचा पेपर त्यातच लिहायचा आहे.

पदवी: कॉलेजच्या नावाची फार चिंता नको

व्हीएनआयटी, नागपूरची ट्रिपल आयटी, अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी, शेगावचं कॉलेज, यांतलं काही मिळालं तर उत्तम. नाही मिळालं आणि घराजवळच्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला जावं लागलं, तरी वाट बंद होत नाही. गणितात बीएस्सी-एमएस्सी हा मार्ग तर आपल्याकडे उगाच कमी लेखला जातो. ‘बीएस्सी म्हणजे कुठंच नंबर लागला नाही’ असं नातेवाईक म्हणतात, म्हणू द्या. बीजगणितात पाया पक्का असलेला एमएस्सीवाला क्रिप्टोग्राफीत अनेक बीईवाल्यांच्या पुढे निघून जातो. आयएसआय कोलकात्याच्या क्रिप्टोलॉजी अँड सिक्युरिटी या एमटेकला इंजिनिअरिंगवाल्यांसोबत गणिताचे एमएस्सीवालेही अर्ज करू शकतात.

अभ्यासक्रम विद्यापीठ देईल तो देईल. तुमचा स्वतःचा अभ्यासक्रम वेगळा ठेवा. पहिल्या वर्षी पायथन आणि सी, आणि जोडीला रेषीय बीजगणित. दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्रातली संभाव्यता, डिस्क्रीट गणित, अल्गोरिदम. तिसऱ्या वर्षी ग्रुप, रिंग, फील्ड हे अमूर्त बीजगणित, आणि मग क्रिप्टोग्राफीचा एखादा पूर्ण कोर्स. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर हे सगळं फुकट आहे. परीक्षा द्यायची असेल तरच फी, आणि ती न देताही शिकता येतं. स्टॅनफर्डच्या डॅन बोने यांचा कोर्सही ऑनलाइन बघता येतो. एकावेळी एकच कोर्स घ्या आणि त्यातली सगळी गणितं हातानं सोडवा. व्हिडिओ बघून ‘समजलं’ वाटणं आणि कागदावर सिद्धता उतरणं यांत फार अंतर आहे.

लाईन जाते, नेट तुटतं, हे गृहीत धरा. व्याख्यानं आणि पेपर कॉलेजच्या वायफायवर उतरवून ठेवा. या विषयाची एक मेहेरबानी अशी की महागडी प्रयोगशाळा लागत नाही. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका, सेजमॅथ हे मोफत गणिती सॉफ्टवेअर टाका, आणि वर दिलेला मसाविचा प्रयोग शंभर अंकी संख्यांवर करून बघा. क्रिप्टोहॅक नावाच्या संकेतस्थळावर सोप्यापासून अवघडापर्यंत कोडी आहेत. कार्नेगी मेलन विद्यापीठाची पिकोसीटीएफ ही स्पर्धा नवख्यांसाठी चांगली आहे आणि फुकटही आहे. चौघं मित्र मिळून रविवारी बसलात तर कॉलेजात टीम आपोआप तयार होते.

इथे एक कडक सूचना. सरावासाठी बनवलेल्या यंत्रणा सोडून कशालाही हात लावायचा नाही. विद्यापीठाचा निकालाचा पोर्टल, ग्रामपंचायतीचा संगणक, पतसंस्थेचं ॲप, काहीच नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली परवानगीशिवाय शिरकाव हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सरकारनं संरक्षित म्हणून जाहीर केलेल्या यंत्रणेबाबत, म्हणजे कलम ७० खाली, शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. ‘मी तर फक्त चूक दाखवत होतो’ हे तिथे चालत नाही. चालता-बोलता एखादी त्रुटी दिसलीच तर तिथेच थांबा, आणखी खोल जाऊ नका, आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकणं हा सगळ्यांत मूर्ख मार्ग.

प्रोफेसरला मेल लिहिणं

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत दोन महिने काढले तर पुढची सगळी दारं हलकी होतात. भारतीय विज्ञान अकादमीची उन्हाळी संशोधन फेलोशिप आहे, तिचे अर्ज आदल्या हिवाळ्यात निघतात. शिवाय थेट मेल लिहूनही काम होतं, पण मेल कसा लिहिता यावर सगळं आहे.

‘आदरणीय महोदय, मला सायबर सिक्युरिटीत अत्यंत रस आहे, कृपया संधी द्यावी’ असा मेल शंभर जणांना एकाच वेळी गेलेला असतो आणि तो उघडताक्षणी ओळखू येतो. त्याऐवजी असं करा. ज्यांच्याकडे जायचं त्यांचा एक पेपर निवडा. पूर्ण समजणार नाही, चालेल. एक भाग धरा आणि तो नीट वाचा. मग चार ओळींत लिहा. पहिली ओळ, मी कोण आणि कितव्या वर्षाला. दुसरी, तुमच्या अमुक पेपरातली तमुक योजना मी सेजमध्ये लहान संख्यांवर चालवून पाहिली, कोड या दुव्यावर आहे. तिसरी, दुसऱ्या सिद्धतेतली अमुक पायरी मला अशी समजली, पण या ठिकाणी अडलो. चौथी, मे ते जुलै मोकळा आहे, राहण्याची सोय मी करीन. मार्कशीट जोडा, फोटो जोडू नका. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण करा आणि पुढच्या माणसाकडे वळा. उत्तर न येणं हा अपमान नाही, त्यांच्याकडे असे मेल रोज पडतात.

कुणाला लिहायचं? आयएसआय कोलकात्याचं आर. सी. बोस केंद्र या विषयाचं देशातलं जुनं ठाणं आहे. बंगळूरच्या आयआयएससीत आणि आयआयटी मुंबईत सैद्धांतिक काम जोरात चालतं. आयआयटी खरगपूर साइड-चॅनल आणि हार्डवेअरसाठी ओळखलं जातं, तिथल्या देबदीप मुखोपाध्याय यांना २०२१ चा भटनागर पुरस्कार मिळाला. आयआयटी कानपूरला सायबर सुरक्षेचं मोठं केंद्र आहे. कोलकात्याला जायला बडनेरा, वर्धा किंवा नागपूरहून गीतांजली आहेच.

कानपूरवरून आठवलं म्हणून सांगतो. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे खात्रीनं आणि वेगानं ठरवण्याची रीत सापडत नव्हती. ऑगस्ट २००२ मध्ये मणींद्र अग्रवाल यांनी नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांच्यासोबत ती शोधली. कयाल आणि सक्सेना तेव्हा नुकतेच बीटेक झालेले होते. त्या कामाला २००६ चं गोडेल पारितोषिक मिळालं. गंमत अशी की किल्ल्या बनवताना आजही मिलर-रॅबिन ही जुनी, किंचित चुकण्याची शक्यता असलेली चाचणीच वापरतात, कारण ती फार वेगवान आहे. सैद्धांतिक यश आणि रोजचा वापर यांत असं अंतर राहतं, आणि ते भरून काढणं हेही काम आहे.

एमटेक आणि कागदपत्रांची कटकट

गेट परीक्षा फेब्रुवारीत असते, फॉर्म साधारण ऑगस्टच्या शेवटी सुटतात. कॉम्प्युटर सायन्सचा पेपर द्या. गणितवाल्यांनी गणिताचा द्यावा, आणि कोणती संस्था तो स्कोअर घेते ते आधी पाहावं. आयआयटी-एनआयटीत गेटवर एमटेकला गेलात तर महिना १२,४०० रुपये मिळतात. गावाकडे पाठवण्याइतके ते नाहीत, पण मेस आणि खोलीचं भागतं. आयएसआयचे प्रवेशाचे नियम बदलत असतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रकच वाचा, सीनिअरच्या सांगण्यावर जाऊ नका.

आता ज्यात आपली पोरं खरी मार खातात ते सांगतो. ओबीसीचं नॉन-क्रिमिलेयर प्रमाणपत्र राज्याच्या नमुन्यातलं केंद्रीय संस्थेत चालत नाही. केंद्राचा नमुना वेगळा असतो आणि तो बहुधा त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा मागतात. सेतूत जाऊन ‘सेंट्रलचं पाहिजे’ असं स्पष्ट सांगा, नमुन्याची प्रिंट सोबत न्या, आणि मार्च संपायच्या आधीच बाकीची कागदं जमा करून ठेवा. केंद्राच्या यादीत तुमची जात आहे का, हेही आधी बघून घ्या. एप्रिल-मेमध्ये तहसीलला लग्नसराईसारखी गर्दी असते. राज्याच्या प्रवेशांसाठी आणि फेलोशिपसाठी जात वैधता लागते. ती बारावीतच काढून घ्या. नाव, आडनाव, वडिलांचं नाव यांचं स्पेलिंग सगळ्या कागदांवर एकच आहे का, हे आज संध्याकाळी बसून तपासा.

पीएचडी: गाईड पाहून ठरवा

संस्थेचं नाव मोठं आणि गाईडचा विषय भलताच, अशा पीएचडीपेक्षा थोड्या लहान संस्थेत चांगला गाईड बरा. गाईड कसा पाहायचा? त्यांची मागच्या पाच वर्षांतली प्रकाशनं बघा, ती कुठे आली आहेत ते बघा. त्यांचे जुने विद्यार्थी किती वर्षांत सुटले आणि आता कुठे आहेत ते विचारा. सध्याच्या एका विद्यार्थ्याशी फोनवर बोला. तो ‘सर चांगले आहेत’ म्हणून गप्प झाला तर पुढचं तुम्हीच ओळखा.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत किमान ७५ टक्के असतील तर थेट पीएचडीला अर्ज करता येतो. किमान मुदत तीन वर्षं आणि सर्वसाधारण कमाल सहा. पैशाचं म्हणाल तर जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली की पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये, शिवाय घरभाडं. पंतप्रधान संशोधन फेलोशिप सुरू झाली तेव्हापासून तिची रक्कम महिना ७०,००० पासून पुढे आहे, पण निवड फार कडक. राज्यातल्या विद्यापीठात नोंदणी असेल तर बार्टी, सारथी, महाज्योती आणि आदिवासी संशोधन संस्थेच्या फेलोशिप पाहा. महाज्योतीचं मुख्यालय नागपुरातच आहे. फेलोशिप कुठलीही असो, हप्ता उशिरा येतो असं धरून चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा.

परदेशात जायचं असेल तर हे लक्षात घ्या की चांगल्या ठिकाणी पीएचडीला आपण पैसे भरत नाही, ते आपल्याला देतात. जर्मनीत तर पीएचडीवाला बऱ्याचदा पगारी कर्मचारी असतो. सारब्र्युकनचं सिस्पा, बोखुमची माक्स प्लांक संस्था, बेल्जियममधल्या ल्युव्हनचा कोसिक गट ही नावं लिहून ठेवा. आपल्या फोनपासून बँकेपर्यंत सगळीकडे चालणारी एईएस ही कुलुपाची पद्धत ल्युव्हनशी जोडलेल्या दोन बेल्जियन संशोधकांची. कर्ज काढून परदेशी पीएचडी करायला सांगणारा एजंट भेटला तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

पहिलं वर्ष कोर्सवर्क आणि वाचनात जातं. पेपर एका बैठकीत वाचायचा नसतो. पहिल्या वाचनात फक्त प्रश्न काय आणि दावा काय, एवढं वहीत मराठीत चार ओळींत लिहा. दुसऱ्यात व्याख्या. तिसऱ्यात सिद्धता, पेन हातात घेऊन. आयएसीआर या क्रिप्टोग्राफी संशोधकांच्या संघटनेचा ईप्रिंट हा पेपरांचा संग्रह सगळ्यांना मोफत खुला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीतला माणूस जो पेपर सकाळी वाचतो तोच तुम्ही मेहकरमध्ये सकाळी वाचू शकता. या विषयात खेड्यातला माणूस मागे पडायचं जे मोठं कारण होतं, ते यानं पुसून टाकलं. उरतो तो आजूबाजूला बोलायला कोणी नसण्याचा प्रश्न, आणि तो मात्र खरा आहे. त्यावर उपाय परिषदा. डिसेंबरमध्ये भरणारी इंडोक्रिप्ट २००० पासून चालू आहे. एशियाक्रिप्ट २०२४ मध्ये कोलकात्याला झाली होती. विद्यार्थ्यांना फी-सवलत आणि प्रवासखर्चाची मदत मिळते, फक्त मुदतीत अर्ज करावा लागतो.

कुठे छापायचं

यावर मी थोडा जास्त वेळ घेणार, कारण आपल्याकडच्या कॉलेजांत सगळ्यांत मोठी फसगत इथे होते.

इतर शास्त्रांत जर्नल मोठं मानतात. क्रिप्टोग्राफी आणि सिक्युरिटीत आधी परिषद येते. क्रिप्टो, युरोक्रिप्ट, एशियाक्रिप्ट या तीन मोठ्या. हार्डवेअरसाठी चेस, सैद्धांतिक कामासाठी टीसीसी, आणि व्यवस्थांच्या सुरक्षेसाठी युजनिक्स सिक्युरिटीसारख्या. तिथे तीन-चार जण तुमचा पेपर नाव न पाहता वाचतात आणि बहुतेक वेळा नाकारतात. नकारासोबत दोन-तीन पानांची कारणं येतात, ती फुकटची शिकवणी समजा. दुरुस्त करून पुढच्या परिषदेला पाठवायचं. चांगले पेपरही दोन-तीन ठिकाणी फिरून लागतात.

दुसऱ्या बाजूला रोज मेल येतात, ‘तीन दिवसांत प्रकाशन, १,५०० रुपये, प्रमाणपत्र मोफत’. बोगस बियाण्याचं पाकीटही असंच चकचकीत असतं आणि उगवत काहीच नाही. अशा ठिकाणी छापलेला पेपर बायोडेटात असला की चांगल्या संस्थेत मुलाखतीतच शंका येते. ‘यूजीसी मान्यताप्राप्त’ असं कोणी सांगत असेल तर लक्षात ठेवा, यूजीसीनं आपली केअर ही मान्य जर्नलांची यादीच २०२५ मध्ये बंद केली. २०२२ च्या नियमांत तर पीएचडीसाठी पेपर छापण्याची सक्तीही उरली नाही, मात्र संस्था स्वतःचे नियम ठेवू शकते. परीक्षा साधी आहे. ज्यांचं काम तुम्ही वाचता ते लोक तिथे छापतात का? नसतील तर तुम्हीही छापू नका.

आणखी एक बारकावा, जो आपल्याकडच्या निवड समित्यांना अनेकदा माहीत नसतो. क्रिप्टोग्राफीत लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमानं लावायची पद्धत आहे. तुमचं आडनाव वानखडे असेल तर तुम्ही कायम शेवटी. ‘पहिले लेखक’ म्हणून गुण देणाऱ्या तक्त्यात तुमचे गुण कापले जातील. अर्जासोबत ही प्रथा सांगणारी एक ओळ आणि गाईडचं पत्र जोडा.

पीएचडीनंतर

दोन-तीन वर्षं पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं मुदतीचं संशोधनाचं काम, शक्यतो वेगळ्या देशात आणि वेगळ्या गटात. मग प्राध्यापकी, किंवा बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चसारखी उद्योगातली प्रयोगशाळा, किंवा सरकारी बाजूला डीआरडीओ, पुण्याचं सी-डॅक, चेन्नईचं सेट्स, हैदराबादची बँकिंग तंत्रज्ञानाची आयडीआरबीटी. सध्या क्वांटम-पश्चात पद्धतींकडे सगळं वळवायचं काम जगभर सुरू आहे. ते जाणणारी माणसं कमी आहेत, त्यामुळे मागणी आहे.

विदर्भात परत येऊन शिकवायचं असेल तर डोळे उघडे ठेवून या. सातव्या वेतन आयोगात सहायक प्राध्यापकाची सुरुवात ५७,७०० च्या मूळ वेतनानं होते, पण ती मंजूर पदावर. मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी असतात आणि पोरं तासिका तत्त्वावर राबतात. पीएचडी करताना ‘थोडे तास घेतो’ म्हणून त्यात अडकू नका, संशोधन तिथेच थांबतं. पद मिळालं तर आठवड्याला सोळा तास शिकवणं, शिवाय नॅकच्या फायली. तरी सैद्धांतिक किंवा विश्लेषणाचं काम इथे बसून होऊ शकतं, कारण लागतं ते वाचन, एक बरा संगणक आणि बाहेरचे दोन-तीन सहलेखक. पोस्टडॉकमधले सहलेखक सोडू नका, दर आठवड्याला एक ठरलेला कॉल ठेवा.

आणि रुजू झाल्या झाल्या निधीचा अर्ज करा. संशोधनाला निधी देणाऱ्या पूर्वीच्या सर्ब या केंद्र सरकारच्या मंडळाची जागा आता अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशननं घेतली आहे, तिथे नवख्या प्राध्यापकांसाठी वेगळी योजना आहे आणि तिला वयाची व रुजू झाल्यापासूनच्या वर्षांची मर्यादा असते. पहिली दोन वर्षं वेळापत्रक आणि परीक्षा विभागात घालवून तिसऱ्या वर्षी अर्ज उघडला तर ती मुदत निसटलेली असू शकते. प्राचार्यांची सही, संस्थेचं हमीपत्र आणि खर्चाचा तपशील गोळा करायला कॉलेजात महिना सहज जातो, तेव्हा जाहिरात निघायची वाट न पाहता प्रस्तावाचा मसुदा आधीच तयार ठेवा.